गावरानी हाये, तिले काय व्हतं?

जळगावातल्या मेहरूणच्या जुन्या वस्तीत अजूनही बऱ्याच घरांच्या मागे चार-सहा कोंबड्या फिरताना दिसतात. त्यातली एखादी पंख पाडून कोपऱ्यात बसली, तिचा तुरा पांढुरका पडला, की शेजारीपाजारी एकच निकाल ऐकू येतो : "गावरानी हाये, तिले काय व्हतं?" दोन दिवसांनी ती मरते. मग "हवा लागली" म्हणायचं आणि विषय संपला. हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता शांतपणे समजावून सांगणं जड जातं. तरी सांगतो.

गावरान कोंबडी काटक असते, हे खरंच आहे. जळगावचा मे महिना ती सावलीत चोच उघडी टाकून काढते, अंडी स्वतः उबवते, घार दिसली की पिलांना पंखाखाली घेते. पण ही काटकता उन्हाची, उपासाची आणि पळापळीची आहे. तिचा अर्थ रोग न होणं असा लावायला आधार नाही. आपल्याला अंगणात दिसतात त्या जगलेल्या कोंबड्या. उबवलेल्या पिलांपैकी जी गेली, ती मुंगसाच्या, बोक्याच्या नाहीतर घारीच्या नावावर जमा होतात. जंत होऊन झुरलेलं पिलू पळू शकत नाही म्हणून मुंगसाला आधी सापडतं, हा हिशेब कुणी मांडत नाही.

रोगही गावरान-बॉयलर असा भेद करत नाही. देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या शेजारी नवापूरला आली. तिथे मोठे पोल्ट्री फार्म होते, म्हणून "ते फार्मवाल्यांचं दुखणं" असं पुष्कळांनी ठरवून टाकलं. मार्चमध्ये तोच विषाणू जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत सापडला, आणि तो सापडला परसातल्याच कोंबड्यांत.

पण बर्ड फ्लू रोज येत नाही. रोज येतो तो गोचीड, आणि खरा घोळ इथे आहे. "आम्ही पंख उचलून पाहिलं, अंगावर काहीच नाही" असं मालक छातीठोकपणे सांगतो. दुपारी बाराला पाहिलं तर काय दिसणार? कोंबडीचा गोचीड गुराच्या गोचिडासारखा अंगाला चिकटून दिवस काढत नाही. तो रात्री बाहेर पडतो, अर्धा-पाऊण तास रक्त पितो आणि उजाडायच्या आत फटीत परततो. फक्त त्याची अगदी लहान पिल्लावळ काही दिवस पंखाखालच्या कातडीला चिकटून राहते. बारीक काळपट ठिपके दिसतात, ते माती समजून सोडून दिले जातात. लाल माइट नावाचा त्याहून बारीक किडाही असाच रात्रपाळी करतो. उवा तेवढ्या दिवसरात्र पिसांत असतात, म्हणून त्या सापडतात आणि सगळा दोष त्यांनाच जातो.

आपली खुराडी एकदा नीट पाहा. मातीची भिंत, विटांमधली पोकळी, वर पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या, त्यावर गोणपाट. गोचिडाला याहून चांगली जागा बांधून देता येणार नाही. उष्ण, कोरडी हवा त्याला मानवते, ती खान्देशात भरपूर. शिवाय पूर्ण वाढलेला गोचीड काही न खाता वर्षाहून अधिक काळ तग धरतो. अतिशयोक्ती वाटली तर मर्क व्हेटरिनरी मॅन्युअल उघडून पाहावं. म्हणजे गेल्या उन्हाळ्यात कोंबड्या मेल्या, खुराडं वर्षभर रिकामं ठेवलं, यंदा यावलच्या बाजारातून नव्या आणल्या, तरी त्यांच्या स्वागताला जुनी मंडळी भिंतीत हजर असू शकतात.

तेव्हा इलाज कोंबडीपेक्षा खुराड्यावर करायचा. रात्री दहानंतर बॅटरी घेऊन जा. भिंतीच्या फटी, बसायच्या काठीची खालची बाजू, कोंबडीचे पाय पाहा. चपटे, तपकिरी किडे सरपटताना दिसले तर दुसऱ्या दिवशी कोंबड्या बाहेर काढून खुराडं रिकामं करा. जुन्या काड्या आणि गोणपाट जाळा, फटींत उकळतं पाणी ओता, मग त्या मातीने किंवा सिमेंटने बुजवा, वरून चुना द्या. खुराड्यात फवारायचं औषध आणि त्याचं प्रमाण पशुवैद्यकाकडून लिहून घ्या. दोन-तीन आठवड्यांनी हे सगळं परत करा, कारण मधल्या काळात फटीतली अंडी फुटतात. एकदा फवारून "औषध नकली निघालं" म्हणणारे बहुतेक या दुसऱ्या फेरीला चुकलेले असतात.

आणि इथे हात जोडून एक सांगणं. कपाशीवरचं उरलेलं कीटकनाशक कोंबडीच्या अंगावर चोळू नका. कापसाच्या मुलखात घराघरांत बाटल्या पडलेल्या असतात, म्हणून हा उद्योग चालतो. कोंबडी चोचीने पिसं साफ करते, म्हणजे ते विष ती पिते. तुम्ही तिची अंडी खाता. कोंबड्यांसाठी वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं डायक्लोरव्हॉस, ज्याला लोक सर्रास नुवान म्हणतात, त्यावर तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुनी बाटली माळ्यावर आहे, एवढ्याने ते औषध ठरत नाही.

गोचिडाचं प्रकरण रक्त पिण्यावर थांबत नाही. तो स्पायरोकिटोसिस नावाचा जिवाणूजन्य ताप पसरवतो. कोंबडी हिरवी शी करते, पाय लुळे पडतात, मान टाकते. राणीखेतमध्ये, म्हणजे मानमोडीतही बरंचसं असंच दिसतं. फरक असा की स्पायरोकिटोसिस पेनिसिलीनला दाद देतो आणि राणीखेत विषाणूचा असल्यामुळे कुठल्याच अँटिबायोटिकला देत नाही. मागे कधीतरी दुकानातली पुडी पाण्यात टाकली आणि दोन कोंबड्या उठल्या, एवढ्यावरून "मरीवर गोळी आहे" हा समज गावभर पसरलेला असतो. त्या कोंबड्यांना मानमोडी झालेलीच नसावी. खरी राणीखेत लस न दिलेल्या कळपात शिरली तर जवळजवळ सगळा कळप नेते.

तिच्यावर उपाय एकच, लस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठ आठवड्यांनंतर आर-टू-बीचं इंजेक्शन. "दिली होती, तरी मेल्या" अशी तक्रार येते तेव्हा लस आणली कशी, ते विचारावं. ही जिवंत लस असते. एप्रिलमध्ये ती शर्टाच्या खिशातून आणली तर कोंबडीपर्यंत नुसतं पाणी पोचतं. बर्फात आणायची आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवायची. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, त्यामुळे चार कोंबड्यांसाठी कोण आणणार, ही अडचण खरी आहे. मग गल्लीने मिळून एकच दिवस ठरवावा. ऑस्ट्रेलियात पीटर स्प्रॅडब्रो यांनी लस वाटेत तापून वाया जाते, नेमक्या या अडचणीसाठी, उष्णता बऱ्यापैकी सोसणारी आय-टू ही लस खेड्यांतल्या कोंबड्यांकरता विकसित केली. म्हणजे हे दुखणं एकट्या खान्देशाचं नाही.

लसीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्यावं. "शीत जंत दिसत नाहीत" हे कारण चालत नाही, कारण शीतून बहुधा अंडीच पडतात आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पिपराझिन फक्त मोठ्या गोल जंतांवर चालतं, पट्टकृमींवर नाही. अंड्यावरच्या कोंबडीला औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही विचारून घ्यावं.

बाकीचे समज थोडक्यात. पायावरचे खवले उचकटले की रॉकेल लावू नये, कातडी भाजते. पाय कोमट पाण्याने धुऊन व्हॅसलीन किंवा खोबरेल रोज चोळावं, खवल्याखालचे किडे त्यात गुदमरतात. राखेत लोळू देणं चांगलंच, पण ती राख भिंतीतल्या गोचिडापर्यंत जात नाही. लसूण-हळदीने कोंबडीचं नुकसान होत नाही आणि मानमोडीचंही होत नाही. कोंबडीची देवी माणसाला लागत नाही. ती बव्हंशी डासांमुळे पसरते. पिलांच्या शीत रक्त दिसलं तर ती "उष्णता" नसते, बहुधा कॉक्सिडिओसिस असतो, आणि तो ओल्या अंथरुणात वाढतो.

मेलेली कोंबडी मेहरूण तलावाच्या काठी फेकू नये, तिथे रानपक्षी उतरतात. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. एका दमात तीन-चार मेल्या तर मात्र पुरायची घाई नको. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात कळवा किंवा १९६२ ला फोन लावा, आणि डॉक्टर सांगतील तोवर एक ताजी मेलेली कोंबडी सावलीत, दुहेरी पिशवीत बांधून ठेवा. निदान तिच्यावरूनच होतं.