बिऱ्हाड आणि धुलाईयंत्र

गेल्या आषाढात सौभाग्यवतींच्या उजव्या मनगटाने असहकार पुकारला. चादर पिळताना कळ थेट कोपरापर्यंत जाई. डॉक्टरांनी पिळणे वर्ज्य सांगितले, आणि ‘आपले घर झाल्यावर पाहू’ म्हणून आम्ही ३० वर्षे टाळीत आलेला धुलाईयंत्राचा विषय दाराशी येऊन उभा राहिला. आपले घर काही झालेले नाही. शासकीय नोकरीतील बदल्यांपायी धार, देवास, मंदसौर अशी बिऱ्हाडे झाली. सध्या इंदुरात एका जुन्या वाड्याच्या माडीवर तीन खोल्यांत आहोत.

दुकानदाराने प्रथम दाखविले ते समोर दार असलेले स्वयंचलित यंत्र. ते पाणी कमी घेते, कपडेही जपते, हे खरेच. आम्ही घरी येऊन मोरीपाशी उभे राहिलो, तेव्हा मात्र विचार पालटू लागला. नर्मदेचे पाणी इंदुरास १९७८ मध्ये आले, तेही जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढवून आणलेले. आमच्या नळास ते दिवसाआड येते. एरवी बोअरचे पाणी, तेही घरमालक मोटार लावतील तेव्हा. स्वयंचलित यंत्र मधूनमधून आपणहून पाणी मागते. नळाला धार नसली की अर्ध्यावर रुसून बसते. शिवाय आमच्या बोअरचे पाणी जड. त्यात साबणाला फेस धड येत नाही आणि यंत्रातील पाणी तापविणाऱ्या कांडीवर क्षाराचा थर चढतो. ही कांडी बहुधा २००० वॅटची. अर्धा तास चालली की एक युनिट संपले. आमचे मीटर मालकांच्या मीटरला जोडलेले, म्हणजे दर ते सांगतील तो!

वजनाचा विचार तर दुकानात कोणी बोलतच नाही. अशा यंत्रात ते हादरू नये म्हणून काँक्रीटचे ठोकळे बसविलेले असतात. एकूण भार ६० ते ७० किलो. हलविताना आतले पिंप जखडण्यासाठी मागून बोल्ट लावावे लागतात. यंत्र बसविणारा माणूस ते काढून हाती देतो. बिऱ्हाडकरूंनी ते दागिन्यांच्या डब्यात ठेवावेत. आमच्या एका स्नेह्यांनी ते भंगारात घातले आणि पुढच्या बदलीत ट्रकमध्येच पिंप निखळले.

राहिले दोन टाक्यांचे अर्धस्वयंचलित यंत्र. बादलीने पाणी ओतले तरी चालते, दोघांना उचलता येते, वीजही थोडी लागते. मालकीणबाईंची शंका एकच, “गुरुजी, खाली पाणी झिरपलं तर?” सांडपाण्याची नळी थेट मोरीत सोडण्याचे वचन देऊन आम्ही अनुमती मिळविली.

एक अडचण मात्र यंत्र घरी आल्यावर उमगली. धुण्याच्या टाकीतले ओले, जड कपडे पिळण्याच्या टाकीत हातांनीच घालावे लागतात. ज्या मनगटासाठी हा खर्च केला, त्याच्याच वाट्याला हे काम यायचे! तेव्हा धुण्याचा कार्यभार आम्ही स्वीकारला. पहिल्याच रविवारी एका नव्या लाल टॉवेलने आमचे तीन पांढरे सदरे गुलाबी केले; सोमवारी शाळेत त्यातलाच एक घालून जावे लागले.

आता सहा महिने झाले. मनगटाची कळ बरीच उतरली आहे, पुरती नाही. दोरीवर चादरीची कड सरळ येत नाही, ही तक्रार तेवढी नित्य ऐकावी लागते.