नजर ओळखायला कॅमेरा कशाला?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली हे शहादा तालुक्यातलं छोटं आदिवासी गाव देशभर गाजलं. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक इथल्या रहिवाशांना मिळाले. बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो यांच्याबरोबर आधारसाठी दोन्ही बुबुळांच्या प्रतिमाही घेतल्या जातात.

बुबुळ टिपणारं यंत्र डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकतं, म्हणजे आपल्याला न दिसणारा, लाल रंगाच्या पलीकडचा प्रकाश. आपल्याकडच्या गडद डोळ्यांसाठी तो गरजेचाच आहे. बुबुळातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य साधा उजेड भरपूर शोषतं, त्यामुळे बुबुळ आणि मधली बाहुली दोन्ही जवळजवळ सारखीच काळी दिसतात. अवरक्त किरण मेलॅनिन तितके शोषत नाही. त्या प्रकाशात बुबुळाची नक्षी उजळ दिसते आणि बाहुली मात्र काळीच राहते, कारण ती म्हणजे एक भोक असतं आणि तिरका आत गेलेला प्रकाश त्यातून सहसा परत येत नाही. केंब्रिजचे जॉन डॉगमन यांनी १९९०च्या दशकात बुबुळावरून माणूस ओळखण्याचं गणित मांडलं, ते याच नक्षीच्या आधारावर.

आता डोळ्याच्या याच गुणधर्मावर दुसरंच काम चाललं आहे. माणूस कोण, हे त्यात शोधायचं नाही. तो या क्षणी कुठे बघतोय, एवढंच त्याने घातलेल्या स्मार्ट चष्म्याला कळायला हवं.

उड्या मारणारी नजर

आपल्याला वाटतं, वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत जाते. प्रत्यक्षात ती उड्या मारते. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९च्या सुमारास हे लक्षात आलं. डोळा सेकंदाला साधारण तीन-चार वेळा उडी घेतो आणि मधल्या क्षणभराच्या मुक्कामातच आपण अक्षरं टिपतो. अगदी स्पष्ट दिसतो तो भागही फार लहान असतो. हात लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या नखाएवढा.

ही चाल मोजायला सुरुवातीला माणसांचे हाल केले गेले. अमेरिकेत एडमंड ह्युई यांनी डोळ्यावर प्लास्टरची टोपी बसवून तिला ॲल्युमिनियमचा काटा जोडला होता. १९०१मध्ये डॉज आणि क्लाइन यांनी डोळ्यावरून परावर्तित होणारा प्रकाश फोटोच्या काचेवर टिपला आणि डोळ्याला हात न लावता नजर मोजता येते हे दाखवलं. आजचे कॅमेरे मुळात तेच करतात, फक्त सेकंदाला कितीतरी वेळा.

अडचण विजेची आहे. कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रात हजारो-लाखो ठिपके असतात. ते वाचायचे, साठवायचे आणि त्यांतून बाहुली शोधायची. ॲपलच्या व्हिजन प्रो या हेडसेटमध्ये आतल्या बाजूला अवरक्त दिवे आणि कॅमेरे असतात, पण त्याची बॅटरी वायरने जोडून खिशात ठेवावी लागते. रोज वापरायचा चष्मा ५० ग्रॅमच्या आसपासच हवा, नाहीतर नाकावर वळ उठतात. मे २०२५पासून भारतात मिळणाऱ्या रे-बॅन मेटाच्या चष्म्यात समोरचं टिपणारा कॅमेरा आहे, पण घालणाऱ्याची नजर मोजण्याची सोय नाही.

चित्र नको, आकडे पुरेत

म्हणून काही संशोधकांनी प्रश्नच बदलला. नजर समजायला डोळ्याचं पूर्ण चित्र लागतं कुठे?

कोरोनाच्या काळात घराघरात पोचलेल्या ऑक्सिमीटरमध्ये एक लाल दिवा, एक अवरक्त दिवा आणि एक फोटोडायोड असतो. फोटोडायोड म्हणजे पडलेल्या उजेडाच्या प्रमाणात वीज देणारा चिमुकला तुकडा. तो चित्र काढत नाही, किती प्रकाश आला एवढाच आकडा सांगतो. असे काही फोटोडायोड चष्म्याच्या काचेभोवती बसवले आणि छोटे अवरक्त दिवे एकामागून एक क्षणभर लावले, तर बाहुली ज्या बाजूला वळेल त्या बाजूने परत येणारा प्रकाश कमी होतो, पांढरा भाग पुढे आला की वाढतो. या चढउतारांचा नमुना पाहून नजरेची दिशा काढता येते. सुरुवातीला वापरणाऱ्याला ठरावीक ठिपक्यांकडे बघायला सांगून त्याच्या डोळ्याचे आकडे जुळवून घ्यायचे. पुढचं गणित लहानशी चिपही करू शकते.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधले तियान्शिंग ली, शिया झोउ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७मध्ये व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटच्या पडद्याचाच उजेड वापरून हे करून दाखवलं. दुसऱ्या वर्षी ली आणि झोउ यांनी बॅटरीशिवाय चालणारा चष्मा मांडला. त्याच्या काड्यांवर दोन पातळ सौर पट्ट्या होत्या. २२ जणांवरच्या चाचणीत बाहुलीची जागा सरासरी ०.८ मिलिमीटरच्या चुकीने कळली, तीही सेकंदाला १२० वेळा. वीज लागली सरासरी ३९५ मायक्रोवॉट. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब जेवढी वीज घेतो, तेवढ्यात असे २२ हजारांहून अधिक चष्मे चालतील.

कॅनडाच्या वॉटरलूमधल्या ॲडहॉक कंपनीने याच दिशेने वेगळी वाट काढली. तिथे अतिसूक्ष्म आरसा प्रकाशाचा किरण डोळ्यावर फिरवतो आणि परावर्तित प्रकाश टिपणारे फोटोडायोड असतात. डोळा टिपणारा कॅमेरा तिथेही नाही.

ऊन, घाम आणि काजळ

काटकसरीची किंमत अचूकतेत मोजावी लागते. चांगल्या कॅमेऱ्याची चूक साधारण एक अंशाच्या आसपास असते. डार्टमथच्या पहिल्या प्रयोगात आधी जुळवून घेतलेल्या माणसासाठी ती सरासरी ६.३ अंश होती आणि नव्या माणसासाठी १०.१. लांब केलेल्या हाताची मूठ सुमारे दहा अंशांची असते. पडद्यावरच्या चार मोठ्या चित्रांतलं एक निवडायला एवढं चालेल, पण बारीक अक्षरं निवडायला नाही.

नंदुरबारच्या वैशाखात तर या चष्म्याची परीक्षाच होईल. उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो, तो फोटोडायोडला झाकोळून टाकतो. त्यावर उपाय असा की दिवा लावून एकदा मोजायचं, विझवून पुन्हा मोजायचं आणि फरक घ्यायचा. घामाने चष्मा नाकावरून घसरला की जुळवलेले आकडे बिघडतात. काजळाचंही तसंच. ती शेवटी काजळीच, अवरक्त किरणही शोषते. डोळ्यात काजळ घातल्यावर आकडे पुन्हा जुळवून घ्यावे लागतील.

कोणाच्या उपयोगाचं?

स्टीफन हॉकिंग यांच्या चष्म्यावर बसवलेला साधा अवरक्त सेन्सर गालाची हालचाल ओळखायचा आणि तेवढ्यावर ते संगणकाकडून बोलून घ्यायचे. पक्षाघाताने किंवा मोटर न्यूरॉनच्या आजाराने वाचा आणि हातपाय गमावलेल्या अनेकांची नजर बराच काळ शाबूत राहते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रदीप्त बिस्वास यांच्या गटाने तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी नजरेने चालणाऱ्या यंत्रणांवर काम केलं आहे. नंदुरबारमधल्याच धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर विजेचा भरवसा कमी असतो. तिथे रोज चार्ज न करता चालणारा साधा चष्मा महागड्या उपकरणापेक्षा जास्त कामाचा ठरेल. "पाणी", "दुखतंय", "हो", "नाही" एवढ्यासाठी दहा अंशांची चूक परवडते.

धुळे-सुरत महामार्गावर कोंडाईबारीचा घाट रात्री उतरणाऱ्या ट्रकचालकाच्या बाबतीत तर नजरेची दिशाही नको. पापण्या किती वेळ मिटलेल्या राहतात, एवढं मोजलं तरी पेंग ओळखता येते.

खासगीपणाचा मुद्दाही इथेच येतो. चारदोन फोटोडायोडच्या आकड्यांतून बुबुळाची नक्षी उभी राहत नाही, म्हणून त्यावरून माणसाची ओळख पटवणं कॅमेऱ्याच्या चित्रासारखं सोपं नाही. पण कोणत्या जाहिरातीवर नजर रेंगाळली, कोणत्या ओळीशी अडखळली, हे त्यातूनही कळू शकतं. बाजारात असा चष्मा आला, तर दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात : आत डोळ्याकडे वळलेला कॅमेरा आहे का, आकडे चष्म्यातच राहतात की कंपनीकडे जातात आणि नजर मोजणं बंद करायचं बटण कुठे आहे.