जकातीची भिंत आणि घरातील बचत

बंगळूर शहरातील चामराजपेट ही वसाहत 1892 साली आखण्यात आली आणि म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार ह्यांचे नाव तिला देण्यात आले. तिच्या एका अंगास टिपू सुलतानाचा लाकडी खांबांचा उन्हाळी महाल आहे, दुसऱ्या अंगास शहराची जुनी पेठ आहे, आणि तिच्याच कडेने म्हैसूरला जाणारा हमरस्ता निघतो. ह्या रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटर गेले म्हणजे रामनगर लागते. तेथील रेशीमकोशांचा बाजार आशियातील सर्वांत मोठ्या बाजारांत गणला जातो. वाटेत तयार कपड्यांचे कारखाने आहेत. पेठेत रेशमाची आणि सोन्याची दुकाने आहेत. रेशीम, तयार कपडे आणि सोने ह्या तिन्ही वस्तूंचे भाव सरहद्दीवर आकारल्या जाणाऱ्या जकातीने हलतात. जकात हा मंत्र्यांचा आणि बड्या व्यापाऱ्यांचा विषय होय, ही सर्वसाधारण समजूत निदान ह्या वस्तीत तरी टिकण्यासारखी नाही.

जकात ही एक भिंत आहे असे मानले, तर तिच्या दोन बाजू आहेत हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. भिंतीच्या आत जो माल पिकवतो त्यास ती आडोसा देते. आत राहून जो तोच माल विकत घेतो त्याच्या खिशास ती चाट लावते. रेशमाच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. 1930 नंतरच्या जागतिक मंदीत चीन आणि जपान येथील स्वस्त रेशमामुळे म्हैसूर संस्थानातील रेशीमधंदा मोडकळीस आला. 1933 साली टॅरिफ बोर्डाने ह्या धंद्याची चौकशी केली आणि पुढल्याच वर्षी त्यास संरक्षक जकात मिळाली. ही भिंत नंतर अनेकदा चढली-उतरली. 2011 च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरील आयातजकात 30 टक्क्यांवरून एकदम 5 टक्क्यांवर आणण्यात आली. विणकरास सूत स्वस्त झाले, परंतु कोशांचे भाव घसरून तुतीची लागवड करणारा शेतकरी आणि कोशांपासून धागा काढणारा कारागीर हवालदिल झाले. 2013 साली हा दर 15 टक्के झाला; मधल्या काळात 10 टक्क्यांवर उतरलेला हाच दर 2021 साली पुन्हा 15 टक्क्यांवर नेण्यात आला. धागा तोच, रस्ताही तोच. परंतु रामनगरचा शेतकरी ज्या बातमीने निश्वास टाकतो, तीच बातमी ऐकून पेठेतील विणकर कपाळास हात लावतो.

ह्यातून सामान्य गुंतवणूकदाराने घ्यावयाचा पहिला बोध हा, की गुंतवणुकीची मोजदाद शेअरांपासून सुरू होत नाही. बंगळूरच्या जुन्या पेठांतून वस्त्रव्यवसायाशी पिढ्यान्‌पिढ्या निगडित असलेली अनेक मराठीभाषक कुटुंबे आहेत. त्यांपैकीच एखादे कुटुंब कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. वडिलांचे रेशमी वस्त्रांचे छोटे दुकान, मुलगा तयार कपड्यांच्या निर्यात-कारखान्यात हिशेबनीस, घराचा खालचा मजला एका शिवणकारखान्यास भाड्याने दिलेला, बचत बहुतांशी सोन्यात, आणि चार पैसे कुणाच्या सांगण्यावरून एका कापड-कंपनीच्या शेअरांत. कुटुंबप्रमुखास वाटते की आपला पैसा पाच ठिकाणी विभागलेला आहे. वस्तुतः दुकान, पगार, भाडे आणि शेअर हे चारही एकाच धंद्याच्या खुंटीस टांगलेले आहेत, आणि पाचवे जे सोने, त्याच्या भावातही जकातीचा भाग दडलेला आहे. आपली उपजीविका ही आपली सर्वांत मोठी गुंतवणूक असते. मात्र ती कोणत्याही पासबुकात नोंदलेली नसल्याने विसरली जाते.

सोन्याविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण ‘सोने कधी बुडत नाही’ ही आपल्याकडील श्रद्धा अर्धीच खरी आहे. भारतात खपणारे बहुतेक सोने परदेशातून येते, आणि येथील भाव म्हणजे जगाचा भाव, डॉलरचा विनिमयदर आणि आयातजकात ह्यांचा मेळ होय. परकीय चलनाची चणचण भासू लागल्यामुळे 2013 च्या ऑगस्टपर्यंत ही जकात टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर नेण्यात आली. जुलै 2022 मध्ये ती 15 टक्के झाली. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात ती 6 टक्क्यांवर आली. हिशेब साधा आहे. जगाच्या बाजारात शंभर रुपयांस मिळणारे सोने येथे 115 रुपयांस पडत होते, ते 106 रुपयांस पडू लागले. म्हणजे घरातील सोन्याच्या किमतीतून गणिताने जवळजवळ आठ टक्के गळाले. बाजार गणिताबरहुकूम चालत नाही, तरीही त्या एका दिवसात वायदेबाजारातील भाव पाच टक्क्यांच्या आसपास कोसळला. सरकारी सुवर्णरोखे घेणाऱ्यांचीही ह्यातून सुटका नव्हती, कारण त्यांचा परतावा देशांतर्गत भावाशीच बांधलेला आहे. मात्र ह्याच गोष्टीची दुसरी बाजू अशी, की त्यानंतर जगाचा भाव इतका वाढला की एप्रिल 2025 मध्ये दहा ग्रॅमचा दर एक लाख रुपयांस पोहोचला. जकातकपातीच्या दिवशी घाबरून सोने विकणाऱ्याने नऊच महिन्यांत केवढी रक्कम गमावली, हे सांगावयास नको.

येथवर आपल्याच सरकारने उभारलेल्या भिंतीचा विचार झाला. दुसऱ्या देशाने आपल्या मालापुढे भिंत उभारली म्हणजे तिचा फटका निराळ्या वाटेने येतो. अमेरिकेने 2025 च्या 7 ऑगस्टपासून भारतीय मालावर 25 टक्के आणि 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के अशी एकूण 50 टक्के जादा जकात लादली. बांगलादेश आणि व्हिएतनाम ह्यांच्या मालावर तेव्हा हीच जादा जकात 20 टक्के होती. पूर्वापार चालत आलेली मूळ जकात बाजूला ठेवली, तर शंभर रुपयांचा सदरा ढाक्याहून गेल्यास आयातदारास 120 रुपयांस आणि बंगळूरहून गेल्यास 150 रुपयांस पडे. बरोबरी साधावयाची तर बंगळूरच्या कारखानदारास तो सदरा 80 रुपयांस विकणे भाग होते. शंभरामागे वीस रुपये नफा ज्यात सुटतो असा शिवणकामाचा कारखाना क्वचितच आढळेल. रुपयाची घसरण झाल्यास निर्यातदारास थोडा हात मिळतो, पण वीस टक्क्यांचे खिंडार त्याने बुजत नाही. अशा वेळी आधी शेअरचा भाव पडतो, मागाहून कारखान्यातील जादा कामाचे तास जातात, आणि नंतर पाळी येते ती पगाराची व खालच्या मजल्याच्या भाड्याची.

तथापि सर्वच निर्यातदार ह्या माऱ्यात सापडले नाहीत. औषधे आणि मोबाइल फोन ह्या जादा जकातीतून वगळण्यात आले होते. बंगळूरच्या उत्तरेस देवनहळ्ळी येथे जुळणी होणारा फोन अमेरिकेस जाऊ शकत होता आणि म्हैसूर रस्त्यावर शिवलेला सदरा अडत होता. म्हणून ‘निर्यातीचे शेअर वाईट’ असा सरसकट निष्कर्ष काढणे हे चुकीचे निदान होय. कंपनीच्या वार्षिक अहवालात उत्पन्नाची भौगोलिक विभागणी दिलेली असते. एकाच देशावर किती विक्री अवलंबून आहे, कच्चा माल कोठून येतो आणि वाढीव खर्च ग्राहकावर ढकलण्याइतके बळ कंपनीत आहे काय, एवढे त्यात पाहिले तरी पुष्कळ होते. दलालाच्या दूरध्वनीपेक्षा हा अहवाल कंटाळवाणा असतो खरा, पण तो फुकट मिळतो.

जकातीच्या बातमीवर तातडीने खरेदी-विक्री करणे कितपत फलदायी असते, ह्याचे उत्तर त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मिळाले. 2 एप्रिल रोजी अमेरिकेने जगभरच्या देशांवर जशास तशी जकात जाहीर केली. 7 एप्रिल रोजी मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक एका दिवसात 2,226 अंकांनी घसरला. दोन दिवसांनी बहुतेक देशांपुरती अंमलबजावणी नव्वद दिवस लांबणीवर टाकण्यात आली, आणि 15 एप्रिल रोजी निर्देशांक 2 एप्रिलच्या पातळीच्या वर बंद झाला. सातव्या तारखेस विकून मोकळा झालेला मनुष्य तेरा-चौदा दिवसांच्या वादळात नेमका पावसाच्या सरीखाली बाहेर पडला म्हणावयाचा. जी जकात एका सहीने येते ती दुसऱ्या सहीने जाऊ शकते. तिचा अंदाज भल्याभल्या पंडितांस बांधता येत नाही, तेव्हा चामराजपेटेतील दुकानदाराने तो बांधण्याच्या भरीस पडू नये.

मग त्याने करावे तरी काय? वर कल्पिलेल्या कुटुंबाने प्रथम कागदावर दोन रकाने पाडून, उत्पन्नाचा आणि बचतीचा प्रत्येक स्रोत भिंतीच्या कोणत्या बाजूस उभा आहे हे लिहून काढावे. पगार आणि दुकान जर कापडावर अवलंबून असतील, तर कापड-कंपनीच्या शेअरांत नवी भर घालू नये, मग ती कंपनी कितीही नामांकित असो. त्याऐवजी अनेक उद्योगांतील कंपन्या ज्यात समाविष्ट आहेत अशा निर्देशांक-आधारित म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालावी. बँका, सिमेंट, औषधे, वीज आणि घरगुती वापराच्या वस्तू ह्यांचा खप मुख्यतः देशातच होतो किंवा त्यांचे ग्राहक अनेक देशांत विखुरलेले असतात. असलेले शेअर घाईने विकून टाकण्याचेही कारण नाही, कारण विक्रीमागे दलाली आणि भांडवली लाभावरील कर हे खर्च लागतातच. पुढल्या बचतीचा ओघ वळविला तरी दोन-तीन वर्षांत तोल आपोआप सावरतो.

सोने ठेवावे, पण ते बचतीचा एक भाग म्हणून. आणि दागिन्यांची गणना त्यात शक्यतो करू नये, कारण त्यांवरील घडणावळ विकतेवेळी परत मिळत नाही आणि लग्नाच्या पाटल्या अडचणीच्या दिवशीही सहसा कोणी मोडत नाही. ह्यापेक्षा अधिक महत्त्वाची आहे ती रोख तरतूद. ज्याची नोकरी निर्यातीवर अवलंबून आहे त्याने सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी, आणि ज्याचे भाडेही त्याच धंद्यातून येते त्याने वर्षभराच्या खर्चाइतकी रक्कम बँकेतील ठेवीत बाजूला काढावी. ठेवींवरील विम्याची मर्यादा 2020 साली दर ठेवीदारामागे, दर बँकेस, पाच लाख रुपये करण्यात आली. मोठी रक्कम एकाच बँकेत न ठेवता विभागून ठेवण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. आणि मुलीचे शिक्षण किंवा घराची दुरुस्ती अशा येत्या तीन वर्षांत लागणाऱ्या पैशाची सोय शेअरांत करू नये. भाव सावरेपर्यंत थांबणे ज्यास शक्य असते त्याचेच एप्रिल 2025 सारख्या पडझडीत नुकसान होत नाही, आणि शाळेच्या शुल्काची तारीख थांबत नाही.