सासऱ्यांची फियाट ठेवावी की विकावी?

मैत्रिणींनो, मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीची सद्दी ३० ऑक्टोबर २०२३ला संपली. पण आपल्या नाशकात एखाद्या बोळात ताडपत्रीखाली सासऱ्यांची पद्मिनी अजून उभी असते. भंगारवाला दारात, आणि कॉलेजातला मुलगा म्हणतो, "आई, विकू नकोस गं, मी करतो!"

पैशाच्या हिशेबात हा तोट्याचाच व्यवहार, बरं का! पत्र्याचं काम फार खातं. आधी पायाखालचं मॅटिंग उचलून तळ पाहा. चाळण झाली असेल तर मोह सोडा. तळ शाबूत असेल तर खर्चाची मर्यादा ठरवून मुलाला जरूर करू द्या. कार्बोरेटर खोलून, धुऊन पुन्हा बसवता येतो. हल्लीच्या गाडीचं बॉनेट उघडून पोराला काय दिसणार?

पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला २०२१च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. फी २०,००० रुपये, आणि गाडी मूळ रूपातच हवी. मात्र तिच्यातून रोज भाजीला जायचं नाही!