बालकांमधील नासागत शल्य : निदान, निर्हरण व दक्षता

शरीरास बाधा उत्पन्न करणाऱ्या वस्तूस सुश्रुताचार्यांनी 'शल्य' अशी व्यापक संज्ञा दिली आहे. लहान बालकांनी खेळताना नाकात घातलेला मणी, वाटाणा, चिंचोका, खडूचा तुकडा ही नासागत शल्याची नित्य आढळणारी उदाहरणे होत. विशेषतः २ ते ५ वर्षे वयात हा प्रकार अधिक दिसतो.

निदान : मूल घडलेला प्रकार सांगत नाही व पालकांनी तो पाहिलेला नसतो. त्यामुळे रुग्ण 'जुनी सर्दी' म्हणून येतो आणि पीनस समजून त्याची चिकित्सा लांबते. प्रतिश्यायात स्राव बहुधा दोन्ही नाकपुड्यांतून असतो. बालकाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी, पूययुक्त वा रक्तमिश्रित स्राव येत असल्यास, अन्य कारण सिद्ध होईपर्यंत शल्यच गृहीत धरावे. दुसरी नाकपुडी व दोन्ही कानही तपासावेत.

निर्हरण : सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात शल्यनिर्हरणाचे १५ उपाय वर्णिले आहेत. त्यांपैकी निर्ध्मापनाशी साम्य असणारी एक पद्धती १९६५ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथील एका डॉक्टरने प्रसिद्ध केली. मातेने बालकाच्या उघड्या मुखावर आपले मुख घट्ट टेकवावे, मोकळी नाकपुडी बोटाने बंद करावी व एक लहान, जोरकस फुंकर मारावी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समीक्षेत या पद्धतीचे यश सुमारे ६० टक्के आढळले.

समोर दिसणारे, खडबडीत शल्य चिमट्याने काढता येते. गोल, गुळगुळीत मणी मात्र चिमट्यातून निसटून मागे सरकतो व श्वासमार्गात जाण्याचा धोका संभवतो. अशा वेळी वक्र टोकाचे यंत्र मण्यामागे नेऊन तो पुढे ओढावा. बालक स्थिर राहत नसल्यास वा पहिला प्रयत्न फसल्यास पुन्हा हात न घालता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे.

दक्षता : शल्य धान्य वा बीज असल्यास प्रक्षालन करू नये, ते पाण्याने फुगून अधिक घट्ट बसते. प्रधमन नस्यही वर्ज्य, कारण शिंकेपूर्वी मूल जोराने श्वास आत ओढते.

सर्वाधिक घातक शल्य म्हणजे खेळणी व घड्याळांतील बटणाच्या आकाराचा सेल. ओलसर श्लेष्मल त्वचेच्या संपर्कात त्यातून विद्युत्प्रवाह सुरू होऊन तीव्र क्षार निर्माण होतो. काही तासांतच धातूंचा नाश होऊन नाकाच्या पडद्यास छिद्र पडू शकते. क्ष-किरण चित्रात सेलची कडा दुहेरी दिसते. सेलचा संशय असल्यास नाकात तेल, तूप, मिठाचे पाणी यांपैकी काहीही न घालता रुग्णास तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. दोन नाकपुड्यांतून पडद्याला चिकटलेल्या चुंबकांबाबतही असाच विलंब टाळावा.

औषधी विक्रेत्यांकडे पालक प्रथम येतात व सर्दीचे थेंब मागतात. थेंब देण्यापूर्वी 'स्राव एकाच बाजूने येतो का?' एवढा प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर होकारार्थी आल्यास औषध न देता बालकास वैद्याकडे पाठवावे, हीच त्याची खरी सेवा होय.