मातृत्व आणि स्त्रियांचे दोन कर्करोग

इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले की, मठांत राहणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींना स्तनाचा कर्करोग विशेष प्रमाणात होतो. पुढे १८४२ मध्ये डोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी व्हेरोना शहराच्या १७६० ते १८३९ या काळातील मृत्युनोंदी तपासल्या. स्तनाचा कर्करोग जोगिणींत अधिक होताच. गर्भाशयाचा मात्र त्यांच्यात विरळ आणि विवाहित स्त्रियांत जास्त आढळला. विवाह आणि मातृत्व या दोन रोगांवर परस्परविरुद्ध परिणाम करतात, ही लक्षणीय गोष्ट त्या रुक्ष नोंदींत दडलेली होती.

स्तनाच्या बाबतीत कारण मुख्यत्वे संप्रेरकांत आहे. प्रत्येक ऋतुचक्रात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांच्या प्रभावाने स्तनपेशींचे विभाजन वाढते. लवकर ऋतुप्राप्ती, उशिरा रजोनिवृत्ती, अपत्य नसणे किंवा पहिले अपत्य तिशीनंतर होणे, यांमुळे ही आवर्तने वाढतात अथवा पेशींना परिपक्वता उशिरा येते. ब्रिटनमध्ये जॅनेट लेन-क्लेपन यांनी १९२६ साली रुग्ण आणि निरोगी स्त्रियांची पद्धतशीर तुलना करून यांतील काही घटक दाखवले. २००२ मध्ये ३० देशांतील माहितीच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले की, प्रत्येक प्रसूतीमागे धोका ७ टक्क्यांनी आणि स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी घटतो. वाढते वय, मद्यपान, रजोनिवृत्तीनंतरचा लठ्ठपणा आणि काहींच्या बाबतीत आनुवंशिक जनुकदोष हेही धोका वाढवतात.

व्हेरोनाच्या नोंदींतील गर्भाशयाचा कर्करोग बहुधा मुख्यत्वे गर्भाशयमुखाचा होता, आणि या कर्करोगाचे मूळ संसर्गात आहे. हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये या अर्बुदांत पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार शोधला. त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सोळावा आणि अठरावा हे दोन प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांत कारणीभूत असतात. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेक स्त्रियांचे शरीर हा संसर्ग वर्ष-दोन वर्षांत घालवते. तो टिकून राहिला, तर विषाणूची प्रथिने पेशीचे विभाजन रोखणारी यंत्रणा निकामी करतात, आणि साधारण १५ ते २० वर्षांनी रोग प्रकटतो. कोवळ्या वयातील विवाह, अनेक बाळंतपणे, धूम्रपान आणि एचआयव्ही बाधा हे घटक त्याला साहाय्य करतात. पत्नी एकनिष्ठ असली, तरी पतीकडून विषाणू येऊ शकतो; म्हणून या रोगाचा संबंध स्त्रीच्या चारित्र्याशी जोडणे अज्ञानाचे आणि अन्यायाचे आहे.

व्हेरोनातील हाच विरोध महाराष्ट्रातही दिसला. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी होत आहे. उशिरा विवाह व मोजकी अपत्ये असलेल्या पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त, गर्भाशयमुखाचा कमी आढळला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी परिसरात १९८७ पासून ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तेथे चित्र उलटे होते, गर्भाशयमुखाचा कर्करोग दीर्घकाळ अग्रस्थानी राहिला.

स्तनाच्या बाबतीत जीवनक्रमच बदलणे सहसा कोणाच्या हाती नसते. गर्भाशयमुखाच्या बाबतीत मात्र विषाणू वेळीच गाठता येतो. बार्शीजवळच्या तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले: ज्या गटाला विषाणूची तपासणी केवळ एकदा देऊ केली होती, त्यात या रोगाने होणारे मृत्यू तपासणी न दिलेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले.