जुन्या तबकडीचा आवाज लिनक्सवर उतरवताना (लेखांक ७)

डेस्कटॉप संगणकावरील आवाजाची मूळ मांडणी संभाषण, चित्रपट आणि सूचनांचे ध्वनी यांना धरून केलेली असते, आणि या नित्याच्या वापरासाठी ती पुरेशीही ठरते. परंतु जुने संगीत जतन करण्यासाठी त्याच संगणकाचा उपयोग करावयाचा झाल्यास त्या मांडणीतील एकेक आकडा तपासून घ्यावा लागतो. बडोद्यात हे काम विशेष महत्त्वाचे आहे. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली येथे गायनशाळा सुरू केली, १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली, आणि आग्रा घराण्याचे फैयाज खाँ दरबारगायक म्हणून येथे राहून १९५० साली येथेच निवर्तले. सुरसागर तलावाकाठची ती शाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा म्हणून चालते. खाँसाहेबांच्या गायनाची मिनिटाला ७८ फेरे घेणारी एखादी तबकडी दांडिया बाजारातील कोण्या मराठी घरच्या कपाटात असेल, तर ती वाजेल तितकी सुईखाली झिजते, आणि म्हणूनच तिचा आवाज संगणकावर उतरवण्याचे काम शक्यतो पहिल्याच वेळी बिनचूक व्हावे लागते.

लिनक्सवर आवाजाची व्यवस्था तीन थरांत विभागलेली असते. सर्वांत खालचा थर ‘अल्सा’ या नावाने ओळखला जातो. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये आरंभलेला हा चालकसंच कर्नेलचा, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याचा, भाग असून साउंड कार्डाशी प्रत्यक्ष व्यवहार तोच करतो. त्याच्यावर ध्वनिसेवक असतो, ज्याचे काम अनेक प्रोग्रामांचे आवाज एकत्र करून कार्डाकडे पाठवणे आणि कार्डाकडून आलेला आवाज मागणाऱ्या प्रोग्रामापर्यंत पोचवणे हे होय. दीर्घकाळ सामान्य वापरासाठी ‘पल्सऑडिओ’ आणि संगीतकारांसाठी ‘जॅक’ असे दोन निरनिराळे ध्वनिसेवक होते व एकाच कार्डावर ताबा मिळवताना ते परस्परांना अडवीत असत. विम टायमन्स यांच्या ‘पाइपवायर’ने ही दोन्ही कामे स्वतःकडे घेतली, आणि २०२१ साली फेडोरा या लिनक्स वितरणाच्या ३४व्या आवृत्तीने ते प्रथम मुळापासून स्वीकारल्यावर इतर वितरणेही त्याच वाटेने गेली. तिसरा थर ‘वायरप्लंबर’ या व्यवस्थापकाचा: कोणता प्रोग्राम कोणत्या उपकरणाला जोडायचा, हे तो ठरवतो. आवाजाच्या बहुतेक तक्रारी चुकीच्या थरात शोधल्या गेल्यामुळे लांबतात. पडद्यावर आवाजाची पट्टी पूर्ण वर असूनही स्पीकर गप्प असेल, तर पुष्कळदा खालच्या थरात ती वाहिनी बंद केलेली असते आणि ‘अल्सामिक्सर’मध्ये तिच्या खाली दिसणारी ‘एम’ अक्षरांची जोडी तेच सांगते. किंवा एचडीएमआय तारेने जोडलेल्या मॉनिटरलाच संगणकाने मुख्य स्पीकर मानलेले असते.

तबकडीच्या कामात मात्र खरा धोका शांततेचा नसतो, तर सर्व काही सुरळीत चालल्याच्या भासाचा असतो. ध्वनीची लहर अंकांत साठवताना सेकंदाला जितक्या वेळा मोजली जाते, त्या संख्येला सॅम्पल रेट म्हणतात, आणि तिच्या निम्म्यापर्यंतचीच कंपने अंकांत टिकतात. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शिका जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी किमान ४८,००० चा दर आणि २४ बिटांची खोली सांगते, तर प्रत्यक्ष संग्रहकामात ९६,००० चा दर रूढ आहे. आता पाइपवायरची मूळ मांडणी ४८,००० या एकाच दरावर चालते. ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रामात ९६,००० निवडून मुद्रण केले, तर पाइपवायर तक्रार न करता कार्ड ४८,००० वरच चालवते आणि मिळालेल्या अंकांमध्ये गणिताने नवे अंक भरून देते. फाइलवर ९६,००० अशी नोंद उमटते, परंतु २४,००० हर्ट्झच्या वर तिच्यात तबकडीवरून आलेले काहीही नसते. तबकडीच्या काळातील मुद्रणात तितक्या उंच कंपनांचे संगीत नव्हतेच, तेव्हा या भानगडीत कशाला पडावे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर चऱ्यांत आहे. चरा उमटवणारा टिक्‌ आवाज अत्यंत तीक्ष्ण असतो, त्याच्या कडा उंच कंपनांत पसरलेल्या असतात, आणि त्या कडा शाबूत राहिल्या तरच पुढे सफाई करणाऱ्या प्रोग्रामला चरा कोणता आणि तबल्याचा आघात कोणता हे नेमके ओळखता येते.

उपाय अवघड नाही. वापरकर्त्याच्या गृहसंचिकेत पाइपवायरच्या मांडणीसाठी जी जागा राखलेली असते, तेथे एक छोटी फाइल ठेवून अनुमत दरांच्या यादीत ९६,००० ची भर घालावी आणि पाइपवायरची सेवा पुन्हा सुरू करावी; हे काम प्रशासकाच्या अधिकाराने करू नये, कारण ही सेवा प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र असते. कार्ड रिकामे असतानाच दर बदलतो, म्हणून ब्राउझर व अन्य वाजणारे प्रोग्राम आधी बंद करणे आवश्यक ठरते. मुद्रण चालू असताना ‘पीडब्ल्यू-टॉप’ ही आज्ञा दिल्यास कार्ड त्या क्षणी कोणत्या दराने चालले आहे ते दिसते, आणि ही तपासणी कधीही टाळू नये. त्याच वेळी ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ या खिडकीतील मुद्रणाच्या पानावर स्रोतही पाहावा. तेथे चुकून ‘मॉनिटर’ निवडलेला असेल, तर तबकडीऐवजी संगणक स्वतः जे वाजवीत आहे त्याचेच मुद्रण होते.

पातळीच्या बाबतीत संयम हवा. अल्सामिक्सरमध्ये ‘एफ४’ कळ दाबून मुद्रणाच्या वाहिन्या उघडाव्यात, माइकची अतिरिक्त वाढ शून्यावर आणावी, आणि सर्वांत मोठा स्वरही कमाल मर्यादेच्या सुमारे १२ डेसिबल खाली राहील अशी पातळी ठेवावी. एवढी मोकळीक सोडल्याने २४ बिटांपैकी केवळ दोन खर्ची पडतात आणि उरलेले २२ तबकडीच्या खरखरीपलीकडेही पुरून उरतात. उलट एखादी तान मर्यादा ओलांडून गेली, तर तिचा कापला गेलेला माथा कोणत्याही प्रोग्रामला खात्रीने परत उभा करता येत नाही. तबकडी एकवाहिनी असली तरी मुद्रण दोन वाहिन्यांतच करावे, कारण खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजलेल्या नसतात आणि कमी खराब भिंत नंतर निवडता येते. या हिशेबाने तीन मिनिटांच्या एका बाजूला सुमारे १०४ मेगाबाइट जागा लागते, जी आजच्या डिस्कवर नगण्य आहे.

सुईविषयी एक गोष्ट येथेच सांगणे योग्य होईल, जरी ती लिनक्सच्या कक्षेबाहेरची आहे: ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच पुढील काळातील एलपीपेक्षा बरीच रुंद असते, त्यामुळे एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासते आणि वर सांगितलेली सारी मांडणी अचूक असूनही केवळ तळातला कचरा ऐकू येतो.

मूळ मुद्रण कोणतीही सफाई न करता वेव्ह किंवा फ्लॅक प्रकारात जपावे आणि त्याच्याशेजारी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये तबकडीवरील क्रमांक, सुईचा प्रकार, फिरण्याचा वेग, कार्डाचे नाव आणि पीडब्ल्यू-टॉपने दाखवलेला दर लिहून ठेवावा. चरे आणि खरखर काढण्याचे काम नेहमी या फाइलच्या प्रतीवर करावयाचे असते. त्याची पद्धत पुढील लेखांकात पाहता येईल.